डमी

मोठीने दोरा मेणावरून ओढला आणि ती शेवटचा टाका घालणार, तोच दाराला लाथ बसली. कडी आधीच तकलादू, एका दणक्यात निखळली. धाकटीचा नवरा दारात उभा होता. लाथ घालून झाल्यावर चपला मात्र त्याने बाहेर काढल्या.

"ताई, पुस्तक द्या," तो म्हणाला.

बोलायला माणूस असा गोड की मुंग्या लागाव्यात. धाकटी सहा वर्षं मार खात होती आणि शेजारीपाजारी म्हणायचे, जावई मिळावा तर असा. गेल्या महिन्यात ती एका पिशवीनिशी बहिणीकडे निघून आली. पिशवीत वही होती. शेवटच्या दोन वर्षांत कुठल्या तारखेला कशाने मारलं, सगळं तिने त्यात लिहिलं होतं. त्या वहीचंच मोठी आता पुस्तक बांधत होती आणि सोमवारी ते वकीलबाईंच्या हाती द्यायचं होतं. ते गेलं असतं तर धाकटीजवळ दुसरा पुरावाच नव्हता. नवऱ्याला त्याचा वास कसा लागला, देव जाणे.

मोठीचा धंदा पुस्तकं घडवण्याचा. नुसती मुखपृष्ठं नाहीत, अख्खं पुस्तक. एखादं पंख्यासारखं उलगडणारं, एखादं मधोमध भोक पाडलेलं. शहाण्या माणसाने वहीची झेरॉक्स काढली असती. हिने वहीच उसवली! झेरॉक्समध्ये पेनाचा दाब उतरत नाही म्हणे. धाकटीची अट एकच, येताजाता कुणी वाचू नये. म्हणून मोठीने वहीचं एकेक पान जाड कागदाच्या घडीत ठेवलं आणि कडा चिकटवून टाकल्या. चाकूने कापल्याशिवाय अक्षर दिसायचं नाही, वरून सगळं कोरं. शिवायला तिने जांभळा दोरा घेतला, माराच्या वळासारखा, आणि त्या रंगावर ती मनातून फार खूश होती. सख्ख्या बहिणीच्या वळांवर खूश!

त्याने तिच्या हातातून पुस्तक हिसकावलं, फडाफडा चाळलं.

"हे काय?"

"डमी," तिच्या तोंडून निघून गेलं. "खरं पुस्तक बांधायच्या आधी जाडी बघायला कोऱ्या पानांचं एक करतात."

धंद्यात करतात तसं, त्यामुळे तिला ते न अडखळता सांगता आलं. त्याने समजल्यासारखी मान डोलावली आणि तेच पुस्तक उभं धरून तिच्या तोंडावर हाणलं. मग पुन्हा. तिसऱ्या फटक्याला ओठ फुटला आणि दात हलला. पुस्तकाचा कणा तिने फार भक्कम बांधला होता.

"खरं कुठंय, ताई?"

पुस्तक खाली टाकून त्याने तिला केसांना धरून फरफटत नेलं. कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा होता. तिचा उजवा हात त्यात घालून तो चाक फिरवायला लागला. अहो-जाहो काही सुटलं नाही. हलू नका म्हणाला, तुम्हालाच लागेल. पहिल्या फेऱ्याला ती किंचाळली. दुसऱ्याला करंगळीपाशी काहीतरी काडकन मोडलं आणि किंचाळणंही जमेना. महिनाभर ती माराचा रंग शोधत बसली होती. त्याचा आवाज तिला ठाऊकच नव्हता.

पुस्तक तिथेच जमिनीवर पडलं होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी हात सुटला असता.

"कॉम्प्युटरमध्ये," ती कशीबशी म्हणाली. "अजून छापायचंय. वही जाळली."

त्याने कॉम्प्युटर उचलून भिंतीवर आपटला, मग तिचीच हातोडी घेऊन त्याचा भुगा केला. जाताना वाटेतलं पुस्तक पायाने सारलं, चपला घातल्या आणि काळजी घ्या म्हणाला.

डाव्या हाताने चाक उलटं फिरवून हात सोडवेपर्यंत मोठीला दोनदा घेरी आली.

धाकटी कामावरून परतली ती दारातच थबकली. ओरडली नाही. ओलं फडकं आणलं, रक्त पुसलं, करंगळीला लाकडी पट्टी लावून बांधली. हे सगळं तिला बिनचूक येत होतं. दवाखान्यात जाऊ म्हणाली, तिथून पोलिसात. मोठीने साफ नकार दिला. शिडीवरून पडले असं सांगू म्हणाली, उगाच चारचौघांत शोभा नको. आजवर धाकटीला तीच टाकून बोलायची, तोंड शिवलं होतं का तुझं म्हणून.

धाकटीने वाद घातला नाही. तिने पुस्तक उचललं, चाकू घेतला आणि पहिली घडी सर्रकन कापली. मग दुसरी. ज्या पानांना कुणाची नजर लागू द्यायची नव्हती, ती तिने एकेक करून मोकळी केली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. मजकूर संपला तरी फर्मा पुरा करावा लागतो. शेवटची चार पानं आतूनही कोरीच होती.

"निघायच्या आधी सांग," धाकटी म्हणाली. "तुझा हात चालणार नाही. मी लिहिते."

तिने तारीख घातली, वार घातला आणि पेन धरून थांबली. मोठीने तोंड उघडलं. शब्द काही येईना. मारलं त्याने आणि लाज वाटत होती हिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"घाई नको, ताई," धाकटी म्हणाली. "मला पहिल्या ओळीला चार वर्षं लागली."