उन्हात ठेवलेली बरणी

आमच्या शेजारच्या बेकरीवाल्याचं नाक मला पहिल्या दिवसापासून खुपलं. दिसायला नाक बरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते चालतं, आणि चालतं हे तो सगळ्या गच्चीला ऐकवत असतो. "वहिनी, खाली कुणाचं तरी दूध करपलं." "वहिनी, हवेत ओल आहे, कपडे लवकर काढा." बेकरी विकून हा माणूस इथे राहायला आला. बायको देवाघरी गेलेली, मुलं लांब, हाताला काम नाही. मग काय, सामाईक गच्ची आणि माझी बायको!

माझं नाक चालत नाही. हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर मी लाकडी सामानाला पॉलिश करत आलो. खाली माझं दुकान आहे, तिथे स्पिरिट, लाख, टर्पेंटाईन यांच्या वाफेत मी माझं सगळं आयुष्य काढलं. वास एकदम गेला नाही. हळूहळू विरत गेला, आणि एक दिवस टर्पेंटाईनचा नवा डबा फोडला तर जणू पाण्याचा डबा फोडला. मी डबा नाकाला लावला, परत लावला, आणि मुकाट्याने कामाला लागलो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच नाही. त्याचं असं आहे, की लग्न झालं तेव्हा आम्हाला एकमेकांशी काय बोलावं ते कळत नसे. ती केस धुऊन आली की माझ्यासमोर पाठ करून बसायची आणि आज कसा वास येतो ते मी सांगायचो. "ताज्या भुशासारखा." "भिजलेल्या फळीसारखा." ती म्हणायची, "अहो, लाकडाशिवाय तुम्हाला दुसरं काही सुचतं का?" आणि खांदे हलवत हसायची. आमचा सगळा संसार त्या हसण्यावर उभा राहिला म्हटलं तरी चालेल. त्या बाईला काय सांगू, की बाई गं, तुझ्या केसांचा मला आता काहीच पत्ता लागत नाही?

मग मी डोळ्यांवर काम भागवायला लागलो. रंगाची नजर माझी पक्की आहे. भाजी काळपट दिसली की "करपली वाटतं" म्हणायचं, साबण पांढरा असला की "छान सौम्य आहे". केसांबद्दल मात्र मला थापा मारवेनात, म्हणून मी तो विषयच टाळला. ती पाठ करून बसली की मला दुकानात काहीतरी आठवायचं. पुढे पुढे ती बसेनाशी झाली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात या महाशयांनी तिला उन्हाचा चहा शिकवला.

उन्हाचा चहा म्हणजे काय, तर रानातली फुलं खुडून आणायची, झटकून धुवायची, काचेच्या बरणीत पाणी भरून त्यात सोडायची आणि बरणी उन्हात ठेवायची. चूल नाही, उकळी नाही. दिवसभर ऊन खाऊन पाण्याला रंग चढतो, वास उतरतो. संध्याकाळी गाळलं की झाला चहा. मी म्हटलं, "याला चहा म्हणतात? याला फुलदाणीतलं पाणी म्हणतात." ती म्हणाली, "तुम्ही चला तर खरं एकदा आमच्याबरोबर." मी म्हटलं, "गवत उपटायला मला वेळ नाही."

*आमच्याबरोबर.* ऐकलंत ना?

सकाळी दोघं पिशवी घेऊन वीटभट्टीमागच्या उतारावर जायची. मी दुकानाच्या दारातून बघायचो. हातात घासकागद आणि नजर रस्त्यावर. एका गिऱ्हाइकाच्या टेबलाचा कोपरा मी तसाच घासत राहिलो आणि वरचा पापुद्रा उडवला, इतका माझा जळफळाट चालला होता. परत येताना तिच्या चपलांना माती आणि चेहऱ्यावर तकाकी असायची. "भाऊजींनी आज जांभळ्या गोंड्यांची जागा दाखवली." भाऊजींनी असं सांगितलं, भाऊजी तसं म्हणतात. रस्त्याच्या कडेचं फूल घ्यायचं नाही, त्यावर धूर बसलेला असतो. ओळख नसलेलं फूल घ्यायचं नाही. दव सुकल्यावरच खुडायचं. अहो, आमचंही काही लग्न झालंय! आम्हीही काही काही म्हणायचो एके काळी.

आणि संध्याकाळी छळ वेगळाच. चहा गाळला की पहिला ग्लास माझ्या नाकासमोर. "काय येतंय, सांगा बघू?" मी रंग बघायचो. पिवळा असला तर म्हणायचो, "मधासारखा." लालसर असला तर, "गुलाबाच्या अंगाने जातो." ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची, "बरं" म्हणायची आणि ग्लास घेऊन जायची. मला वाटायचं, ही त्याचं कौतुक माझ्या तोंडून वदवून घेते आहे. एकदा तर तिने स्टीलच्या ग्लासात आणलं. मी रागातच होतो, आत वाकून बघितलंही नाही. "वा, मधासारखा!" म्हणून मोकळा झालो. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग ग्लास घेऊन आत गेली.

पण कडेलोट झाला तो साबणावरून. रविवारची सकाळ होती. ती ओले केस सोडून गच्चीत बरणी पुसत होती आणि मी जिन्यात. पलीकडून आवाज आला, "वहिनी, साबण बदललात वाटतं? छान आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, हे तेव्हाही दिसत होतं. पाप असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. दोष फक्त एवढाच, की वारा त्या बाजूला होता आणि त्याला तिच्या केसांचा वास आला. मी तिच्या शेजारी झोपतो, आणि मला येत नाही. मी खाली आलो, दुकानाचं दार लावलं आणि बराच वेळ खुर्चीच्या एका पायाला पॉलिश मारत बसलो. ही बाई मला सोडून कुठे जाणार नव्हती, या वयात कोण कुठे जातं? पण सांगण्यासारखं काही असलं की ती आता त्याला सांगणार, हे मला स्पष्ट दिसलं. मला फक्त जेवायला वाढणार.

तेव्हाच ठरवलं. चहा मीही करणार, आणि असा करणार की बेकरीवाल्याने तोंडात बोटं घालावीत.

दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे गेली होती. मी दुकान बंद ठेवून उतारावर गेलो. आगाऊपणा केला नाही, तिच्या बरणीत रोज बघितलेली होती तीच दोन फुलं घेतली: पांढऱ्या पाकळ्यांची, पिवळ्या पोटाची बारीक, आणि जांभळे गोंडे. गुडघे बोंबलत होते. पण रंग निवडावा तर मीच. एकही डागाळलेली पाकळी घेतली नाही.

घरातल्या बरण्या तिच्या होत्या, त्यांना हात लावायला नको वाटला. दुकानात एक जुनी, जाड काचेची, घट्ट झाकणाची देखणी बरणी होती. ती मी साबणाने घासली, गरम पाण्याने विसळली, परत घासली. काच अशी लखलखली की त्यात तोंड दिसावं. पाणी भरलं, फुलं सोडली, झाकण गच्च लावलं आणि बरणी कठड्यावर ठेवली. सावली सरकली की बरणी सरकवायची, असं करत दिवसभर तिच्यामागे फिरलो. संध्याकाळी काय रंग आला होता! जुन्या सागवानाला शेवटचा हात मारल्यावर येतो तो. मी स्वतःशीच म्हटलं, घे आता, नाकवाल्या.

बायको आली तसं तिला गच्चीत बसवलं. त्यालाही हाक मारली. "या, या, आज आमच्या हातचा घ्या." तीन काचेचे ग्लास आधीच भरून ठेवले होते. वारा माझ्या पाठीकडून त्यांच्याकडे होता. बायकोचा चेहरा बसतानाच बदलला, पण मला वाटलं, भारावली आहे.

बेकरीवाल्याने ग्लास उचलला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काय, कसा आहे? मधासारखा आहे ना?" आणि ऐटीत माझा ग्लास उचलून ओठाला लावला.

तिने हाताचा असा फटका मारला की ग्लास कठड्यावर जाऊन फुटला. "अहो, टर्पेंटाईन आहे ते!"

बेकरीवाल्याने हळूच बरणीचं झाकण उचललं. आत बुचाची एक गोल चकती बसवलेली होती, वर्षानुवर्षं टर्पेंटाईन प्यायलेली. काच मी दहादा घासली, झाकण नुसतं पुसलं. दिवसभर उन्हाने तापून जे काही त्या बुचात होतं ते सगळं चहात उतरलं होतं. दुसऱ्या कुणालाही बरणीचं झाकण उघडताच कळलं असतं. "मिस्त्री," तो म्हणाला, "रंग मात्र फार सुंदर आलाय." आणि मग, "मी निघतो."

टोमणा नव्हता तो. म्हणूनच फार लागला.

मी काचा गोळा करायला वाकलो. वर बघायची हिंमत नव्हती. इतकी वर्षं जपलेलं सगळं त्या माणसादेखत उघडं पडलं होतं.

"ठेवा त्या काचा," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या दुकानात कपाटाखाली उंदीर मरून पडला होता आठवतं? मला दारातून ओकारी आली आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून डबा खात होतात. तेव्हापासून शंका होती. आणि त्या दिवशी स्टीलच्या ग्लासात काय होतं, माहीत आहे? नळाचं पाणी. तुम्ही म्हणालात, मधासारखा."

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. भाऊजींचाही वास गेला होता एकदा, तापानंतर. बेकरी बुडायची वेळ आली होती. त्यांच्या बायकोने त्यांना रोज रानातली फुलं हुंगायला लावली, तीच तीच, वर्षभर. हळूहळू आला परत. मी त्यांच्यामागे लागले, की मला ती फुलं दाखवा. पहिला ग्लास तुमच्या नाकाशी कशाला आणत होते? रोज वाटायचं, आज येईल. नाहीतर आज तरी खरं बोलतील."

आता मला काय वाटायला हवं होतं, ते मला माहीत आहे. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "म्हणजे तुला कळलंय, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं!"

"हो!" ती ओरडलीच. "कारण ते सांगतात आणि ऐकतात! तुमच्याशी बोलायचं म्हणजे फळीशी बोलायचं!"

ती रागाने खाली गेली. मी तिथेच बसून राहिलो. बरणी कठड्यावर होती आणि रंग अजूनही सुंदरच दिसत होता. मी ती मोरीत ओतून आलो आणि झाकण फेकून दिलं.

पुढचे काही दिवस आमच्यात मोजकंच बोलणं झालं. मग एका संध्याकाळी ती आली, केस धुतलेले होते, हातात स्टीलचा ग्लास होता. तो तिने माझ्या नाकासमोर धरला. विचारलं काहीच नाही.

मी डोळे मिटून हुंगलं. एकदा, दोनदा. "काही नाही," मी म्हणालो. "काही म्हणजे काहीच येत नाही गं मला. कितीतरी वर्षांपासून येत नाही."

ती माझ्या शेजारी बसली, पूर्वीसारखी समोर पाठ करून नाही, अशीच. "यात आज पांढरी फुलं आहेत," ती म्हणाली. "वास सफरचंदाच्या सालीसारखा आहे, आणि मागून जरासा वाळक्या गवताचा." सगळं नीट, सावकाश सांगितलं तिने. मी ऐकत होतो. इतक्या वर्षांत कुणी माझ्यासाठी असं काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

"आणि तुझ्या केसांचा?" मी विचारलं. "आता कसा येतो, तेही सांग."

डोळे भरून आले तिचे. "ते मला कसं कळणार? आपल्या केसांचा वास आपल्याला कुठे येतो? ते तुम्ही सांगायचात."

गच्चीच्या पलीकडच्या टोकाला बेकरीवाला झाडांना पाणी घालत गुणगुणत होता. वारा त्याच बाजूला होता.

"त्याला विचारायचं नाही हं," मी म्हणालो.

ती रडता रडता हसली. तिचे खांदे हलले. मग तिने तो ग्लास परत माझ्या नाकाशी धरला.

"मग हुंगा," ती म्हणाली.