एल्बोचं तोंड

तरन्नुमनं तो एल्बो तिसऱ्यांदा बाहेर काढला, तेव्हा धावपट्टीपलीकडच्या तुरीत भिरकावून द्यावा असं तिला मनापासून वाटलं.

धाराशिवजवळच्या त्या विमान-प्रशिक्षण संस्थेत ती इंजिनियर होती. दुरुस्तीनंतर तिची सही झाल्याशिवाय विमान उडत नसे. हा एल्बो म्हणजे काटकोनात वळलेला, अंगठ्याएवढा नळीचा तुकडा. एक टोक इंजिनात आवळायचं, दुसऱ्याला तेलाची नळी जोडायची. त्याचे आटे निमुळते, त्यामुळं फिरवावा तसा घट्ट होत जायचा. आणि नेमका घट्ट झाला की त्याचं तोंड नळीकडं असायला हवं, ते भलतीकडंच वळलेलं असायचं. आणखी अर्धा फेरा द्यावा तर इंजिनाचं अंग तडकायची भीती. मागं फिरवावा तर आटे सैल पडून तेल गळणार. इकडं आड, तिकडं विहीर. दर वेळी बाहेर काढून आटे पुसायचे, गळती रोखणारं सीलंट लावायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

त्यात त्या दिवशी शिवांजलीचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. ते बघायला तिची आई द्वारकाबाई भूमहून जीपभर माणसं घेऊन आली होती आणि सकाळपासून लिंबाखाली बसली होती. शिवांजलीला शिकवणारे कॅप्टन दिग्विजय दोनदा हँगरमध्ये डोकावून गेले. एका नळीला एवढा वेळ लागतो का, असं त्यांनी विचारलं नाही, पण घड्याळाकडं बघितलं. तरन्नुमला ते विचारण्यापेक्षाही जास्त लागलं.

दुपारी ती चार घास खायला गेली. परत येऊन बघते, तर एल्बोचं तोंड बरोबर नळीकडं, नळीही जोडलेली, आणि बलभीम चिंधीला हात पुसत उभा. बलभीम तिथला जुना मेकॅनिक. तिच्या वडिलांच्या वयाचा, म्हणून ती त्याला मामा म्हणायची.

"मामा, आणखी आवळला का?"

"न्हाय. पाव फेरा मागं घेतला. बसला की झक्कास."

तिनं डोळे मिटून घेतले. मागं घ्यायचा नाही, हे तिनं सकाळीच त्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलंही होतं, मान डोलावली होती.

तेवढ्यात पुन्हा डोकावलेल्या दिग्विजयांनी मध्यम मार्ग काढला. इंजिन चालवून बघू. गळलं तर काढू, नाही गळलं तर उडू. नको नको म्हणत तिनं इंजिन चालवलं. बंद करून बॅटरी घेऊन वाकून बघितलं. एल्बोखाली बोट फिरवलं. बोट कोरडं. थेंबसुद्धा नव्हता.

हे तर जास्तच वाईट झालं. गळलं असतं तर वादच मिटला असता. आता बलभीम छाती पुढं काढून उभा, दिग्विजय हात पुढं करून सही मागतायत, आणि तिच्या बाजूनं पुरावा म्हणून काहीच नाही. आज गळत नाही, पण वर गेल्यावर हादऱ्यानं कधीही गळेल, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आपलाच आवाज तिला हट्टी पोरासारखा वाटायला लागला.

एवढ्यात द्वारकाबाई हँगरच्या दारात आली. घरी म्हशी बांधून ठेवल्यात, उडणार कधी ते एकदा सांगा, म्हणाली. दिग्विजय म्हणाले, विमान तयार आहे, फक्त मॅडमची सही राहिलीय. द्वारकाबाईनं तरन्नुमकडं वळून विचारलं, "का गं करीनास सही?"

"माझी खात्री नाही, मावशी."

"मला ह्यातलं कळत न्हाय," द्वारकाबाई वैतागून म्हणाली. "पर तुझी खात्री न्हाय म्हणल्यावर मी पोरीला त्यात बसू देत न्हाय. काय करायचं ते करा लवकर."

दिग्विजय निघून गेले. बलभीमनं तोंड फुगवून नळी सोडवली.

मग तरन्नुमनं त्याला कोठीतले असतील तेवढे सगळे एल्बो आणायला लावले. दिसायला सगळे सारखे, पण आटे पाडण्यात जरासा फरक असतोच. सीलंट न लावता एकेक नुसत्या बोटांनी फिरवायचा, अडकला की तोंड कुठं आलं ते बघायचं. एक जमिनीकडं, एक मागं, एक जवळजवळ बरोबर. जवळजवळ बरोबर असलेलाही तिनं बाजूला टाकला, कारण पान्यानं आवळल्यावर तो पुढं गेला असता. शेवटी एक असा निघाला की बोटांनी अडकला तेव्हा नेमका उलट्या दिशेला होता. तिनं सीलंट लावलं आणि पाना चढवला. दीड फेऱ्यात तो जड होत होत फिरला आणि नळीकडं तोंड करून थांबला. बलभीमनं नळी लावली. ती अजिबात न ओढता बसली.

तोवर वारं सुटलं होतं. पहिल्या उड्डाणाला असलं आडवं वारं चालत नाही. द्वारकाबाई सगळ्यांना, विशेषतः तरन्नुमला, तोंडाला येईल ते बोलून जीपमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पुन्हा आली, माणसं निम्मी. शिवांजलीनं एकटीनं धावपट्टीभोवती एक चक्कर मारली आणि अलगद उतरली. दिग्विजयांनी टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशीचा एल्बो गळला असता की नाही, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. नसता गळला, असं बलभीम अजूनही येईल त्याला सांगत असतो.

द्वारकाबाईनं पदरानं डोळे टिपले, मग तरन्नुमकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन दिस घालवलेस अन् पोरगी एवढंसंच उडली?"