गौरीला कुंकू लागेना

निवृत्त झाल्यावर शामसुंदररावांना नॅनोनं झपाटलं आणि भोग आला इंदिराबाईंच्या नशिबी. इतर बायकांचे नवरे निवृत्त झाले की गच्चीत गुलाब लावतात, नाहीतर सोसायटीच्या चेअरमनशी भांडतात. यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून शास्त्र शिकून घेतलं. कंगव्यात अडकलेला केस चिमटीत धरून म्हणायचे, "या केसाच्या जाडीचे लाखभर भाग कर. त्यातला एक, तो साधारण नॅनोमीटर." इंदिराबाई म्हणायच्या, "आधी तो केस कचऱ्यात टाका."

इंदिरानगरातल्या त्या फ्लॅटमध्ये नॅनो शिरला नाही असा कोपरा उरला नाही. चांदीच्या सूक्ष्म कणांचे मोजे आले; त्यांना वास येत नाही म्हणून शामसुंदरराव ते धुवायला टाकेनात. चष्म्याच्या काचेवर थर, बाथरूमच्या फरशीवर थर, तोंडाला लावायच्या मलमात जस्ताचे कण. बिचाऱ्या तुळशीलासुद्धा नॅनो युरिया. हे सगळं ते सोसायटीत समजावून सांगायचे, पण ऐकायला कुणी थांबेल तर शपथ.

त्यात यंदा गौरी इंदिराबाईंकडे येणार होत्या. इंदिराबाईंच्या लग्नापासून गौरी नाशिक रोडला, थोरल्या जाऊबाईंच्या घरी बसत. इंदिराबाईंनी तिथे दरवर्षी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या. पण पहिलं कुंकू कधी त्यांच्या बोटाला आलं नाही. ते त्यांना मनातून फार लागायचं. यंदा जाऊबाईंचे, छायाताईंचे, गुडघे धरले. मुखवटे हवाली करताना त्या म्हणाल्या, "नीट झालं तर तुझ्याकडेच राहू देत. काही चुकलं तर मात्र मी परत नेईन." इंदिराबाईंना चार दिवस धड झोप नाही.

शामसुंदररावांनाही वाटलं, बायकोसाठी काहीतरी करावं. पितळेचे मुखवटे सारखे काळे पडतात, म्हणून त्यांनी गुपचूप नॅनो थराची बाटली आणली आणि दोन्ही मुखवट्यांवर फवारा मारला. जन्मात पहिल्यांदा हा माणूस नॅनोबद्दल गप्प बसला, आणि नेमका नको तेव्हा.

पूजनाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. इंदिराबाईंनी ओलं कुंकू बोटावर घेऊन ज्येष्ठेच्या कपाळाला टेकवलं. त्याचा टपोरा थेंब झाला, नाकावरून घरंगळला आणि पडला खाली. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. कनिष्ठेचंही तेच.

"गौरीनं तुझं कुंकू घेतलं नाही गं," छायाताई हळूच म्हणाल्या. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

आता शामसुंदररावांना राहवेना. "वहिनी, मी थर दिलाय त्यांना. कमळाच्या पानावर पाणी ठरतं का? तसंच हे. बघा." त्यांनी पळीभर पाणी मुखवट्यावर ओतलं. पाण्याचे मोती होऊन टपटप खाली आले, पितळ कोरडं ठणठणीत. एका बाईनं हात जोडले. मग सगळ्यांनीच. शामसुंदरराव कणांची उंची सांगत राहिले आणि बायका त्यांच्या अंगावरून ओटीचे नारळ पुढे देत राहिल्या. संध्याकाळपर्यंत शेजारच्या सोसायट्यांतून रांग लागली. ज्या माणसाचं कुणी ऐकलं नव्हतं त्याच्या दारात अख्खं इंदिरानगर उभं, आणि ऐकत तरीही कुणीच नव्हतं.

छायाताईंनी ती रांग डोळे भरून पाहिली आणि त्यांचे गुडघे एकदम बरे झाले. "इतकी जागृत गौर थोरल्या घरीच शोभते. उद्या विसर्जन झालं की मुखवटे मी नेते."

दुसऱ्या दिवशी गौरी हलल्या, तशा इंदिराबाई नवऱ्यासमोर उभ्या ठाकल्या. "हे तुमचं निघतं कसं?"

"निघत नाही. कंपनीची हमी आहे." मग आवाज खाली आला. "खसखसून घासलं तर मात्र सांगता येत नाही."

इंदिराबाईंनी चिंच कोळली, राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला. वर्षानुवर्षं पुरण वाटलेले हात होते ते. कंपनीची हमी मोरीतून वाहून गेली.

छायाताई पेटी घेऊन आल्या, सोबत बघ्या बायका. नेण्याआधी कुंकू लावावं म्हणून त्यांनी बोट टेकवलं. कुंकू बसलं. पाणी शिंपडून पाहिलं, तर ते साध्या पितळेवर पसरतं तसं पसरलं.

"मी घासले ताई, चिंचेनं," इंदिराबाई म्हणाल्या.

"अगं, देवत्व असं घासतात का?" छायाताई कळवळल्या. मागच्या बायकांना घरची कामं आठवली. जिना रिकामा झाला, तसा छायाताईंचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. "कुठे नेऊ गं मी आता हे ओझं? राहू देत तुझ्याकडेच."

त्या गेल्यावर इंदिराबाईंनी दोन्ही कपाळांवर स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. ते जागच्या जागी राहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"त्याचं काय झालं," शामसुंदरराव खाकरले, "घर्षणानं तो थर—"

"गप्प बसा हो," म्हणत त्यांनी मुखवटे आपल्या कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली.