निरोप्याचं गूळपाणी

पिराजीअण्णा धावायला लागले त्या पहिल्या सकाळी कॉटनपेठेत कुणीही हसलं नाही. खरं तर हसण्यासारखंच होतं सगळं. छप्पन्न वर्षांचा बाप्या, डोक्यावर काळी टोपी, अंगात बंडी, पुतण्याच्या दुकानात शिवलेली गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि पायात नवेकोरे पांढरे कॅनव्हासचे बूट. पण लोक हसायचं सोडून दारात येऊन उभे राहिले. बायकांनी तोंडाला पदर लावले. दूधकेंद्रावरच्या मोहनकुमारनं तर हातातलं काम टाकलं आणि कन्नडमध्ये हळूच विचारलं, "यारु होदरु?" म्हणजे, कोण गेलं?

"कोणी नाही रे बाबा! मी धावतोय," अण्णा धापा टाकत म्हणाले.

"धावताय? कशाला?"

अण्णा गुडघ्यांवर हात टेकून तिथंच उभे राहिले. घरापासून दूधकेंद्र म्हणजे चार पावलांवर, पण तेवढ्यातच छातीचा भाता झाला होता.

आता लोक का घाबरले ते सांगायला हवं. पेठेतली आपली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलणारी. सोयरे-धायरे मात्र शहरभर विखुरलेले, कुणी अक्कीपेठेत, कुणी पार के. आर. पुरमला. कुणाच्या घरी माणूस गेलं की सगळ्या सोयऱ्यांना निरोप पोचवायचं काम एकाच घराकडे होतं, आणि ते घर पिराजीअण्णांचं. आजा निरोप्या, बाप निरोप्या, आणि बापाच्या माघारी हे.

निरोप्याचे नियम ठरलेले होते. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, गेलेल्याचं नाव सांगायचं आणि मागं वळून न बघता निघायचं. 'येतो' म्हणायचं नाही. बसायचं नाही. आणि काहीही झालं तरी त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. निरोप्यानं पाणी घेतलं तर मरण त्या घरी मुक्कामाला राहतं म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण पाळायचे सगळे. आणखी एक नियम होता, निरोप्यानं धावायचं नाही. "मेलेल्याला घाई नसते, मग तुला रे कसली?" असं अण्णांचे वडील म्हणायचे.

अशा माणसाच्या नशिबी काय यायचं? पहाटे दिसला की लोकांचं काळीज लक्‌कन हलायचं. लग्नाची पत्रिका यायची, पण अक्षता पडल्यावर या, असं तोंडी सांगणं असायचं. मुलगी द्यायला कोण धजणार? अण्णांचं लग्न राहिलं ते राहिलंच. शिंपीकामाच्या दुकानामागच्या खोलीत एकट्यानं भात टाकायचा, एकट्यानं जेवायचं. पुढं दुकान सुनीलकुमार चालवायचा, त्यांचा पुतण्या. तो चांगला होता, पण त्याची बायको लहान लेकराला अण्णांपुढं फार आणायची नाही. अण्णांना ते कळायचं. कळून करणार काय?

मग घरोघरी टेलिफोन आले. आधी वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही, आणि आता बघावं त्या घरात ताटलीएवढ्या रुमालाखाली फोन झाकून ठेवलेला! माणूस गेलं की घंटी वाजायची आणि झालं. निरोप्या घरीच राहिला. तुम्ही म्हणाल, सुटला बिचारा. कसला सुटतोय! पूर्वी लोक भीत होते, पण निदान वेळेला अण्णांचं दार तरी ठोठावत होते. आता तेही थांबलं. अण्णांना वाटायचं, आपण मेलो तर कुणाला सांगायला कोण जाणार? आणि सांगायचं तरी कुणाला?

त्यात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पहाटे चाला. अण्णा चालायला लागले, तर गल्लीतली दारं धडाधड लागायला लागली. पहाटेच्या वेळी काळी टोपी घालून सावकाश चालत येणारे पिराजीअण्णा म्हणजे काय, हे पेठेला ठाऊक होतं. टोपी काढावी म्हटलं तर टक्कल उघडं पडायचं, आणि त्याची त्यांना भारी लाज. तेव्हा अण्णांनी डोकं चालवलं. निरोप्या कधी धावत नाही. मग आपण धावलो की लोकांना आपोआप कळेल, हा निरोप नव्हे. केवढी अक्कल! चालत आला तरी ज्याची धास्ती, तोच धावत आला तर लोकांना काय वाटेल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेठ सोडली आणि लांबच्या शाळेच्या मैदानावर गेले. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून कुणी घाबरलं नाही, आणि कुणी बघितलंही नाही. तरुण पोरं सरसर पुढं निघून जायची. अण्णा एक फेरी मारायचे, अर्धी धावत, अर्धी कमरेवर हात ठेवून. नव्या बुटांनी टाच सोलली. एक दिवस कुत्रं मागं लागलं आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात जोराचं धावणं ठरलं. मग गुडघा सुजला. आठवडाभर खोलीत एरंडाची पानं बांधून पडून राहिले, आणि विचारपूस करायला कुणी आलं नाही. त्या आठवड्यात ते एकदा रडले. उगीच कशाला लपवायचं?

गुडघ्याची सूज उतरल्यावर ते पुन्हा पेठेत धावायला लागले. भ्याले तर भिऊ देत, पण बघतील तरी, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

आणि गंमत बघा, माणसाला कशाचीही सवय होते. महिनाभरात दारं लागायची बंद झाली. मोहनकुमार आधी नुसता बघायचा, मग मान हलवायला लागला, मग एके दिवशी ओरडला, "अण्णा, स्वल्प जोरात! म्हशी पुढं चालल्यात!" अण्णांना कोण आनंद झाला! दिवसभर ते वाक्य तोंडात घोळवत बसले. त्यांची कुणी चेष्टा करावी, असं आजवर घडलंच नव्हतं.

पण खरी गोष्ट अनुसूयाची. पेठेच्या पार टोकाला, मारुतीच्या देवळापलीकडे तिचं घर. ती के. आर. पुरमची लेक, लग्न होऊन इथं आली त्याला बरीच वर्षं झाली. पहाटे सडा टाकून रांगोळी काढत दारात बसलेली असायची. एकदा अण्णा धापा टाकत तिच्या दाराशी थांबले, तेव्हा ती उठून उभी राहिली.

"अण्णा, तुम्हाला आठवतंय का? मी नवी नवरी होते. तुम्ही आमच्या चुलत सासऱ्यांचा निरोप घेऊन आला होतात. उन्हानं तोंड लाल झालं होतं तुमचं. मी पाणी घेऊन धावले, तर सासूबाईंनी माझा हात धरला."

अण्णांना आठवत होतं. असं पाणी त्यांच्यासाठी आणखी कुणी आणलंच नव्हतं, तर विसरतील कसे?

"ते पाणी माझ्याकडं बाकी राहिलंय हो," ती म्हणाली. "आता तुम्ही काही निरोप्या नाही. घ्या की आज."

अण्णांचा हात पुढं झालाच होता. पण माणूस मानी. ते म्हणाले, "असं नको, अनुसूया. मी मध्ये तीनदा थांबत आलोय. ज्या दिवशी घरापासून तुझ्या दारापर्यंत न थांबता येईन, त्या दिवशी दे."

"सरी, ठरलं! मग नुसतं पाणी नाही, गूळपाणी देईन. आणि आत बसवून देईन, पाहुण्यासारखं. बघू येताय का ते!"

झालं, अण्णांना वेडच लागलं. घर ते अनुसूयाचं दार. कधी फुलवाल्यापाशी दम संपायचा, कधी देवळापाशी. एकदा तिचं दार दिसायला लागलं आणि पोटऱ्यांना गोळे आले. ती दारातून हसायची, "उद्या, अण्णा, उद्या!" आणि एरवी एकटेपणात जाणारा अण्णांचा सबंध दिवस त्या एका 'उद्या'वर जरा बरा जायचा. खोलीत त्यांनी ठरवून ठेवलं होतं, बसायचं कुठं, गूळ आधी खायचा की पाणी आधी प्यायचं. त्यासाठी एक स्वच्छ सदराही इस्त्री करून ठेवला होता, तो खांद्यावर टाकून धावायचं, अशा वेड्या बेतानं.

मग टेलिफोनच्या केबलसाठी पेठेचं एक टोक खणलं. देवळापलीकडचे सगळे फोन मुके झाले.

त्यानंतरची एक सकाळ. अण्णा बुटांच्या नाड्या बांधत होते, तोच पुढं दुकानातला फोन वाजला. सुनीलकुमार यायचा होता. अण्णांनीच उचलला.

"कोण, पिराजीअण्णा का? मी रत्नाकर बोलतोय, के. आर. पुरमहून." अनुसूयाचा थोरला भाऊ. त्याचा आवाज ऐकताच अण्णांना कळलं. तीस वर्षं ज्यानं तेच काम केलं त्याला सांगावं लागत नाही.

"कोण?" अण्णांनी विचारलं.

"आई. आत्ता पहाटे. काल तर जेवली होती हो नीट..." रत्नाकरला पुढं बोलवेना. "अनुसूयाचा फोन लागत नाही. अण्णा, तुम्हालाच जावं लागेल."

अण्णांनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले. देवा, दुसरं कुठलं घर नव्हतं का रे तुला?

रीत पाळायची तर एकच मार्ग होता. निरोप्याचा तो काळा कोट घालायचा, सावकाश चालत जायचं. पण चालत गेले असते तर दूधकेंद्रापासूनच पेठ गप्प झाली असती. लोक मागं मागं आले असते, आणि अण्णा पोचायच्या आधीच अनुसूयानं ते लोकांच्या तोंडावर वाचलं असतं. नको. रांगोळीचे चार ठिपके तरी तिला सुखानं काढू देत. अण्णांनी कोट खुंटीवरच ठेवला आणि रोजच्यासारखे धावत निघाले.

"अण्णा, आज एक्सप्रेस!" मोहनकुमार ओरडला. अण्णांनी हात वर केला. फुलवाल्यानं टाळी वाजवली. एका ओट्यावरची म्हातारी, जी सुरुवातीला त्यांना बघून देवाचं नाव घ्यायची, ती बोळक्या तोंडानं हसली. ह्याच्यासाठी तर सगळा आटापिटा चालला होता, आणि ते आज मिळत होतं! अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लोकांना तो घाम वाटत होता.

देवळापाशी त्यांच्या मनात पाप आलं. आधी पाणी घ्यावं. आत बसावं, गूळ खावा, दोन शब्द बोलावेत, आणि मग हळूच सांगावं. पाच मिनिटांनी काय बिघडतंय? मेलेल्याला घाई नसते. कुणाला कळणार आहे? धावता धावता त्यांनी ते घर, ती चटई, तो पेला डोळ्यांपुढं आणून बघितला.

अनुसूया दारात होती. तिनं त्यांना लांबून येताना पाहिलं, उभी राहिली, आणि एकदम टाळ्या पिटायला लागली.

"अण्णा! थांबला नाहीत! देवळापाशीसुद्धा थांबला नाहीत! मी बघत होते!"

अण्णांच्या लक्षातही आलं नव्हतं. घरापासून इथवर ते कुठंच थांबले नव्हते.

ती आत पळाली आणि रांगोळीनं पांढऱ्या झालेल्या हातांत पितळी पेला आणि वाटी घेऊन आली. वाटीत गुळाचा खडा. "या, आत या. चटई टाकलीय. आधी घोटभर घ्या तरी!"

पेला त्यांच्यापुढं आला. त्यांच्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती. उंबरा एका पावलावर होता.

अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले.

"घ्या की," अनुसूया हसत म्हणाली. "लाजता काय?"

त्यांनी मान हलवली. हात तसेच जोडलेले.

तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं पेल्याकडं बघितलं, त्यांच्या हातांकडं बघितलं. निरोप्यानं पाणी घ्यायचं नसतं, हे तिला एकदा सासूनं शिकवलं होतं.

"कोण?" तिनं विचारलं. आणि मग तिनंच, अगदी लहान आवाजात, "आई?"

"सत्यवतीबाई," अण्णा म्हणाले. नाव सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

तिनं पेला ओट्यावर ठेवला, सांडू न देता. मग ती भिंतीला धरून खाली बसली आणि आतून तिचा नवरा उठून आला. अण्णांना खूप वाटलं, तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण तो त्यांचा हक्क नव्हता. 'येतो' न म्हणता ते वळले, आणि पेला ओट्यावर भरलेलाच राहिला. मागून रडणं ऐकू यायला लागलं. त्यांनी वळून बघितलं नाही.

परत येताना ते चालत आले. देवळापलीकडची बातमी अजून इकडं पोचली नव्हती. दूधकेंद्रावर मोहनकुमार रिकामी क्रेट रचत होता. अण्णांना बघून तो खदखदून हसला.

"काय अण्णा, आज चालत? दमलात काय?"

"होय रे," अण्णा म्हणाले. "स्वल्प दमलो."