जिंकत होते तरी

"भाऊजी, एक उखाणा करून द्या," सिंधू दारातच उभी राहून म्हणाली. तिच्या कमरेवर निवडलेल्या हरभरा डाळीची परात होती.

"मी?"

"मग कोण? अनुसूया वहिनी असत्या तर तुमच्याकडे कशाला आले असते? परवा आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू आहे. वैदेहीचं पहिलंच. लग्नात चिरगावला, तिच्या माहेरच्या गर्दीत कुणी तिला नाव घ्यायला लावलं नाही. पण परवा यमुनाबाई येणार. त्या सोडायच्या नाहीत."

"मला कुठे येतं ते?"

"एवढी वर्षं एका घरात राहिलात. थोडं तरी अंगाला लागलं असेल की!"

एवढं बोलून ती जिना उतरून गेली. खाली सिंधूचं घर, वर आमचं. आमचं म्हणजे आता माझं. सिंधूचा मुलगा अनंत, त्याची बायको वैदेही. ती हिंदी घरातली. मराठी तिला थोडं समजतं, बोलता येत नाही.

माझी बायको अनुसूया गेल्या श्रावणात गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि ती परत आली नाही. त्यानंतर माझ्याकडे कुणी काही मागायला आलं ते हे पहिल्यांदाच. आणि मागितलं ते तिचंच काम.

झाशीत मराठी घरं थोडी. खंडेराव गेटाच्या आसपास काही, बाकीची विखुरलेली. हळदीकुंकू, बारसं, गौरी, काही असलं की बायका अनुसूयेला आधी गाठायच्या. "वहिनी, या वेळी नवीन पाहिजे हं." ती करून द्यायची. लिहून कधी द्यायची नाही. समोर बसवून, समोरचीला पाठ होईपर्यंत म्हणून घ्यायची. म्हणजे शहरातल्या निम्म्या नवऱ्यांची नावं माझ्या बायकोने यमकात बसवली होती.

मला त्या नवऱ्यांचा हेवा वाटायचा. आता लपवून काय करायचं? सगळ्यात जास्त वाटायचा तो सिंधूच्या नवऱ्याचा, मधुसूदनचा. हा माणूस बँकेतून यायचा, पंख्याखाली आडवा व्हायचा आणि जेवायलाच उठायचा. त्याच्यासाठी अनुसूयेने काय केलं होतं पाहा:

*लक्ष्मी तालाच्या पाण्यात देवळाचा कळस डोले,*
*मधुसूदनराव घरात आले की रिकामं घर बोले.*

सिंधूने हा पहिल्यांदा घेतला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे कित्येक दिवस मधुसूदन जिन्यात भेटला की मला वाटायचं, हा हसतोय तो त्या ओळीमुळेच.

आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी लग्नातला, तिच्या आईने शिकवलेला:

*चांदीच्या ताटात पेढे ठेवले चार,*
*जनार्दनरावांचं नाव घेते, सोडा आता दार.*

प्रत्येक वेळी हाच. दार असो नसो. एकदा मी विचारलंच, "सगळ्यांना नवीन, मला मात्र तेच पेढे?"

"चांगला चालतोय की तुमचा," ती म्हणाली. "चालत्या गाडीला कशाला धक्का मारायचा?"

मला हेवा आणखी एका वस्तूचा वाटायचा. मुलाच्या लहानपणी सदर बाजारातून त्याला हातात धरायचा एक व्हिडिओ गेम आणला होता. वरून विटा पडतात, त्या फिरवून ओळीत बसवायच्या. ओळ भरली की नाहीशी होते. नाही जमलं तर विटा साचत वरपर्यंत जातात आणि एक रडकी धून वाजून डाव संपतो. मुलगा नोकरीला इंदूरला गेला आणि तो खेळ अनुसूयेने घेतला. बटणांवरचे बाण पुसून गेले तरी खेळत राहिली. नंतर हातात मोबाइल आला, त्यात शंभर खेळ, पण हिला तोच पाहिजे.

"एक डाव, एक ओळ," ती म्हणायची. "डाव संपला की ओळ झालीच पाहिजे. बरी, वाईट, कशीही."

"आणि कंटाळा आला तर?"

"तर अजून एक डाव."

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो. संध्याकाळी खाली स्कूटर लावून जिना चढायला लागलो की मधल्या वळणावर वरून ती रडकी धून ऐकू यायची. रोज. निवृत्त झाल्यावर भाजी घेऊन आलो तरी तेच. आत जाऊन बघावं तर खेळ खिडकीत पडलेला आणि बाईसाहेब ओट्यापाशी, चहाचं आधण ठेवलेलं.

"आजही हरलीस?"

"हरले."

"रोज हरतेस, मग खेळतेस कशाला?"

ती नुसती हसायची. माझ्या मनात यायचं, दिवसभर हिच्या हातात हा खेळ आणि डोक्यात दुसऱ्यांची नावं. मग मी कुठे?

सिंधू गेल्यावर मी कपाटातून तो खेळ काढला. सेल गळून आत पांढरं साचलं होतं. ते पुसलं, नाक्यावरून नवे सेल आणून घातले आणि खुर्चीत बसलो. विटा माझं काही ऐकेनात. डाव लगेच संपला. मग ओळ: 'चैत्राच्या उन्हात पन्हं गार.' बरी वाटली. दुसरा डाव खेळलो. 'अनंतराव चालवतात मोटार.' पुढे बरेच डाव खेळलो, पण याहून बरं काही आलं नाही. अंगठा दुखायला लागला. ती हे कसं करायची?

खाली जाऊन म्हणून दाखवलं. सिंधूने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "भाऊजी, मोटार कुठाय आमच्याकडे? मोटरसायकल आहे त्याची."

"येईल पुढे."

"बरं, राहू द्या. हेच शिकवते तिला."

तेवढ्यात आतून वैदेही आली. "मम्मी जी, रहने दीजिए. मुझे एक याद है."

"तुला? कुणी शिकवला?"

"उसी दिन बताऊँगी." आणि माझ्याकडे बघून हसली. "अंकल जी, आपका भी अच्छा है."

पोरगी मन राखत होती, एवढं मलाही कळलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सिंधूने मलाही खाली बोलावलं. बायका आतल्या खोलीत, गौरीपुढे. मधुसूदन आणि मी बाहेरच्या खोलीत कूलरपुढे, हातात पन्ह्याचे पेले. मधलं दार उघडं होतं. आंब्याच्या डाळीच्या फोडणीचा वास येत होता. आत सिंधूला आग्रह झाला आणि तिने लक्ष्मी ताल घेतला. मधुसूदनने डोळे मिटून ऐकला.

"काय चीज आहे यार ही," तो म्हणाला. "कितीदा ऐकली, पण मन भरत नाही."

मी पन्हं प्यालो. त्यात वेलदोडा जास्त झाला होता.

मग यमुनाबाईंचा आवाज आला. "आता नव्या सुनेने नाव घ्यायचं. हिंदी-बिंदी चालणार नाही बरं का, बिन्नू!" इकडच्या बुंदेली रीतीने त्या सगळ्याच पोरींना बिन्नू म्हणतात.

वैदेही उभी राहिली. एकेक शब्द नीट जपून उच्चारत ती म्हणाली:

*हातातला खेळ टाकला, जिंकत होते तरी,*
*जनार्दनरावांची स्कूटर वाजली, आले ते घरी.*

मग आतली खोली हसण्याने फुटली. "अगं, कुणाचं नाव घेतलंस!" "सिंधू, सून वरच्या मजल्यावर चालली गं तुझी!" यमुनाबाईंना हसता हसता ठसका लागला.

"क्या हुआ?" वैदेही रडकुंडीला आली. "आंटी जी ने यही बोला था. सगाई के बाद फोन पर भेजा था. मैंने तो एक-एक शब्द रट लिया."

"अगं, जनार्दनराव म्हणजे वरचे अंकल!" सिंधू म्हणाली.

हसणं एकेक करून थांबलं. मी दारात जाऊन उभा राहिलो होतो. कधी उठलो ते मला कळलं नाही. बायकांनी पदर सावरले.

"सॉरी, अंकल जी," वैदेही म्हणाली. "मुझे आपका नाम नहीं मालूम था. मैं समझी मराठी का कोई शब्द होगा."

"तिची चूक नाही, भाऊजी," सिंधू हळूच म्हणाली. "वहिनी नेहमी तुमचं नाव घालूनच करायच्या. म्हणायच्या, माझ्या तोंडात तेवढंच नाव बसतं, तुम्ही आपापलं घाला. आम्ही मग बदलून घ्यायचो."

"सगळेच?"

"सगळेच."

"लक्ष्मी तालसुद्धा?"

सिंधूने माझ्यामागे, बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "तोसुद्धा."

मी मागे वळलो. मधुसूदनने पेला तिपाईवर ठेवला होता आणि तो कूलरच्या जाळीतली गवताची एक काडी ओढून काढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

वाटलं होतं, आता माझ्या मनातला हेवा जाईल. पण यमुनाबाई म्हणाल्या, "असं अर्धं नाही चालायचं. बिन्नू, परत घे. आपल्या नवऱ्याचं नाव."

"आणि स्कूटर नव्हे, गाडी म्हण," सिंधूने सांगितलं.

वैदेहीने पुन्हा घेतला. *अनंतरावांची गाडी वाजली, आले ते घरी.* या वेळी एकही शब्द चुकला नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मनात मात्र असं झालं, की जाऊन त्या पोरीला सांगावं, दे परत, माझा आहे तो. अनंतला काय कळणार त्यातलं? तो सातला येतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो.

"अंकल जी, आंटी जी की आवाज़ आपको भेज दूँ?" मी निघालो तेव्हा वैदेहीने विचारलं.

"भेज दो, बेटा," मी म्हणालो.

वर आलो. दुपारचं ऊन खिडकीत आलं होतं. मी खेळ घेतला, चालू केला आणि खिडकीत ठेवून दिला. पहिली वीट खाली यायला लागली. मी तिला हात लावला नाही. चपला घालून खाली उतरलो, स्कूटरला किक मारली. दुसऱ्या किकला सुरू झाली. थोडा वेळ चालू ठेवली, मग बंद केली.

मधुसूदनने बाहेरच्या खोलीतून मान काढली. "काय रे, भर उन्हात कुठे निघालास?"

"कुठे नाही," मी म्हणालो. "आत्ताच आलो."

जिना चढायला लागलो. मधल्या वळणावर वरून ती रडकी धून ऐकू आली. मी तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो आणि ती पूर्ण वाजू दिली. मग वर जाऊन चहाचं आधण ठेवलं.