पुढचं गाणं

वीरधवल बायकोला आणायला निघाला होता, आणि ती कशामुळे गेली हेच त्याला माहीत नव्हतं.

भांडण झालं होतं, एवढं नक्की. क्रांती आठवडाभर त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मोबाइलमध्ये तोंड घालून 'हं, हं' करत होता. शेवटी ती म्हणाली, "मी आत्ता काय बोलले, सांग बरं." वीरधवलनं अंदाजपंचे ठोकलं, "गॅस संपलाय." गॅसची टाकी आदल्याच दिवशी आली होती आणि ती त्यानंच उचलून आत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी क्रांती पहिल्या एसटीनं पाटणहून आटपाडीला, माहेरी गेली. फोन उचलीना. सासूबाईंनी, म्हणजे भामाबाईंनी, उचलला आणि एवढंच म्हणाल्या, "या की. पर ती काय म्हंती त्ये ठावं असंल तरच या."

ठावं नव्हतं. तरी निघाला. आजोबा फौजेत सुभेदार होते. त्यांनी मोठ्या हौसेनं नातवाचं नाव वीरधवल ठेवलं होतं. तेवढ्या नावाच्या जोरावर माणूस किती दिवस ढकलणार?

जीप जुनी होती, पण तिच्यातल्या टेपला लावलेला पेनड्राइव्ह म्हणजे वीरधवलचा जीव की प्राण. "असं कलेक्शन अख्ख्या तालुक्यात न्हाई," असं तो येईल त्याला सांगायचा. ते खरंही असेल. पण त्यातलं एकही गाणं त्यानं कधी पुरतं ऐकलेलं नव्हतं. गाण्याचं तोंड वाजलं न वाजलं की याचं बोट पुढच्या गाण्याच्या बटणावर. इतक्या वर्षांच्या दाबादाबीनं ते बटण कंटाळलं आणि आज कऱ्हाडच्या अलीकडं सुटून सीटखाली गेलं. जाताना टेपचं डोकं फिरवून गेलं. पडद्यावर 'शफल' अशी अक्षरं लुकलुकायला लागली आणि टेप आपल्या मर्जीनं कुठलंही गाणं लावून ते शेवटपर्यंत वाजवू लागला.

बंद करता आला असता. पण बंद केला की माफी कशी मागायची याची तयारी करावी लागणार, आणि माफी कशाची हेच माहीत नाही. त्यापेक्षा गाणी बरी.

गाणी कसली, ती त्याची कुंडलीच निघाली. आधी देशभक्तीपर गाणं. ते फौजेच्या भरतीच्या दिवसांतलं. तेव्हा पहाटे पळायला जाताना तो ते कानात लावायचा. भरतीत मात्र धापा टाकत मागून दुसरा आला. पाठोपाठ लागलं रडकं गाणं. भरती हुकल्यावर कऱ्हाडच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन 'दुःखाची भरून दे' म्हणून त्यानं ती घाऊक भरून घेतली होती. मग इंग्रजी धडधडाट, पुण्यातल्या नोकरीचा. नोकरी गेली, धडधडाट राहिला. मग भजन, माळ घातली होती तेव्हाचं. श्रावण संपायच्या आत माळ खुंटीला आणि मटण ताटात. त्यानंतर नुसतीच बासरी लागली आणि संपता संपेना. ही कशी आली म्हणून तो डोकं खाजवत राहिला, आणि आठवल्यावर त्याला एकट्याला हसू फुटलं. बासरी कोंबड्यांची होती. संगीत ऐकवलं की कोंबड्या जास्त अंडी देतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. कोंबड्यांनी बासरी मन लावून ऐकली आणि अंडी द्यायचं विसरल्या.

"वीरू, तुझं सगळं तेरड्याचा रंग तीन दिवस," असं क्रांती म्हणायची तेव्हा त्याला राग यायचा. आता त्याचाच पेनड्राइव्ह तेच म्हणत होता, तेही चालीवर.

विटा मागं पडलं. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. भिवघाटाच्या अलीकडं ढोल सुरू झाला आणि वीरधवलचं बोट सवयीनं बटणाकडं गेलं. बटणाच्या जागी भोक.

हा ढोल त्याला माहीत होता. सासऱ्यांचा, अर्जुनामामांचा. क्रांती त्यांना आप्पा म्हणायची. आटपाडीच्या माळावर धनगरांचं गजीनृत्य चालतं, त्यात पुढचा ढोल मामांच्या गळ्यात. कऱ्हाडच्या कॉलेजात क्रांतीशी जुळलं, दोन्ही घरांनी आधी आदळआपट केली आणि मग होकार दिला. तेव्हा लग्नाआधी क्रांतीनं हे रेकॉर्डिंग स्वतः करून त्याला पाठवलं होतं, आणि त्यानं ते तसंच पेनड्राइव्हमध्ये भरलं होतं. "ऐकलंस?" असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "लय भारी! किती येळा ऐकलं!" ऐकला होता पहिला धपाटा. त्यानंतरचा प्रत्येक धपाटा बटणानं गिळला होता.

आज इलाज नव्हता. आधी त्याला नुसतंच धबाधबा वाटलं. मग पावलं ऐकू आली, कितीतरी माणसांची, एकदम पडणारी. ढोल सावकाश त्यांना फिरवत होता, घाई अशी नव्हतीच. आणि घाई नसूनही ते वाढत वाढत असं चढलं, की वीरधवलनं जीप बाभळीखाली घेतली आणि गपचूप बसला. संपलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा होता. मागं माणसांचा गलका झाला, आणि मग अगदी कानाशी बोलल्यासारखा क्रांतीचा आवाज आला. लग्नाआधीचा, हसरा.

"वीरू, आलास का हितवर? आप्पा म्हणत्यात, उसाच्या पट्ट्यातला पोरगा, एकदा पाणी सोडलं की बांधावर झोपणारा. त्याला कुठला दम? मी म्हटलं, आप्पा, त्यो ऐकून घेणारा हाय. आता माजी लाज राख. तुमच्याकडं फणस लय असत्यात म्हणं. हळदीला येताना माज्यासाठी एक फणस आण. कुणाला सांगू नगं. आणलास की मला कळंल."

हळदीला त्यानं आणला होता लाल-निळे दिवे लुकलुकणारा स्पीकर. क्रांतीनं स्पीकर घेतला, त्याच्या मागं कुणी काही धरून उभं आहे का ते वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आणि?"

"आणि काय? चार्जर आत हाय," तो म्हणाला होता.

त्याच्या परसात फणसाची तीन झाडं. दर उन्हाळ्यात घरभर घमघमाट, आणि क्रांती गऱ्याला बोट लावायची नाही. "मला नगं," एवढंच. माळावरच्या लोकांना फणसाची चव कळत नाही, असं वीरधवलनं गावभर करून ठेवलं होतं. हे आठवलं आणि त्याला स्वतःची खरीखुरी लाज वाटली. लग्नाला सात वर्षं झाली, एवढ्यात तिच्या मनात काय काय आलं असेल?

त्यानं जीप वळवली. घरामागं तीन झाडं असलेला हा शहाणा विट्याच्या बाजारात हातगाडी-हातगाडीला फणस हुडकत फिरला. मिळाला तोही असा, की गाडीवाला म्हणाला, "पावणं, कच्चा हाय. भाजीला न्या."

आटपाडीला पोचला तेव्हा अर्जुनामामा सोप्यात बसले होते. जावयाच्या खांद्यावर फणस बघून ते चकित झाले. भामाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "जावईबापू, ती काय म्हंती, ठावं झालं का?"

"न्हाई मामी," वीरधवल म्हणाला. "ऐकाय आलोय."

आतून क्रांती आली. फणसाकडं बघत राहिली. मग जवळ येऊन तिनं त्यावर अंगठा दाबून पाहिला.

"कच्चा हाय," ती म्हणाली. वडील बसले होते म्हणून तिनं त्याला अहोजाहो केलं. "कवा ऐकलंत तुमी?"

"आज. भिवघाटाजवळ."

"आजच कसं काय?"

खोटं ओठांवर आलं होतं, सवयच ती. "बटण तुटलं," तो म्हणाला. "न्हाईतर ह्या जल्मात ऐकलं नसतं."

मामा खो खो हसले. क्रांतीनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते वीरधवलला कळेना, आणि विचारायची छाती होईना. ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. जीपमध्ये बसल्यावर तिनं अहोजाहो सोडलं.

"भिवघाटापातूर येती. तवर मी बोलणार. बरं वाटलं तर फुडं. न्हाईतर उतरून एसटीनं माघारी."

"बोल."

"मला बी.एड. करायचंय. कऱ्हाडला. नंबर लागलाय माजा. दोन वर्षं सकाळचा सैपाक, आईंची औषधं, समदं तू बघायचं."

वीरधवलचं बोट उठलं आणि थेट त्या भोकात जाऊन टेकलं. त्याला कळायच्या आधीच. क्रांती बोलायची थांबली. तिनं त्या बोटाकडं पाहिलं आणि मान खिडकीकडं वळवली.

त्यानं बोट काढलं. पेनड्राइव्ह उपसला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "लागलंय गं बोटाला वळण," तो म्हणाला. "मारत जा त्याच्यावर. औषधं कितीदा असत्यात आईची?"

तिनं पेनड्राइव्ह पिशवीत टाकला. मग सांगू लागली, आधी तुटक, मग भरभर. औषधं, फी, वर्गातल्या पोरींपेक्षा आपण मोठ्या दिसू याची भीती. वीरधवल मधे मधे विचारत होता आणि ऐकलेलं उलटसुलट करत होता. ती परत सांगत होती.

भिवघाट आला. आटपाडीकडं जाणारी एसटी थांब्यावर उभीच होती. वीरधवलनं ठरल्याप्रमाणं जीप हळू केली.

"थांबतोस कशाला?" क्रांती म्हणाली. "माजं अजून संपलं न्हाई."