लाल लोकर कोणी विणत नाही

लल्ला मन्नूबियांचे पत्र आले तेव्हा ऑलिव्हची तोडणी चालू होती. आता बदामाला फुले आली, तरी ट्यूनिसच्या बाजारातले टोपीवाले सी खमीस यांनी त्याला उत्तर दिले नव्हते.

पत्र लहानसेच होते. "सी खमीस यांस सलाम. नातीनं फोनवर तुमची नवी साइट दाखवली. तिथं लिहिलंय की शाशिया टोपी पहिल्या टाक्यापासून शेवटपर्यंत तुमच्या एकट्याच्या हातची असते. एकेचाळीस वर्षं मी तुमच्याकडची टोपी विणते आहे, तुमचे वडील होते तेव्हापासून. म्हणून एवढंच विचारते, तुम्ही कोणत्या हातानं विणता? डाव्या की उजव्या? लोकर परत पाठवली आहे."

पत्राबरोबर पांढऱ्या लोकरीची पिशवी होती आणि गुंड्यात खोचलेल्या पाच सुया. लल्ला मन्नूबिया अरियानाला राहत, ट्यूनिसच्या बाजारातून मेट्रोने अर्ध्या तासावर. पण सी खमीस गेले नाहीत. ते उत्तर लिहायला बसत आणि फाडून टाकत. पहिल्या पत्रात माफी फार झाली, दुसऱ्यात कमी पडली, चौथ्यात त्यांनी एका जुन्या कवीची ओळ घातली आणि स्वतःचीच लाज वाटून कागद चुलीत घातला. बाईने विचारले काय आणि आपण तिला कविता ऐकवतो!

साइट आधीही होती. बारा वर्षांपूर्वी सी खमीस यांनी स्वतः मजकूर लिहिलेले एकच पान. दिसायला अगदी दरिद्री. पण त्यावर सगळे होते: टोपी विणणार अरियानाच्या लल्ला मन्नूबिया बिन्त सालिम, गरम पाण्यात तुडवून आटवणार बतानचे सी अब्दस्सत्तार, काटेरी बोंडांनी लव काढणार आलिया गावचे दोघे भाऊ. आणि शेवटी, "रंग, साचा आणि राहिलेल्या चुका: खमीस."

त्यांची भाची अहलाम दुकान बघू लागली तेव्हा तिला ते पान सोसेना.

"मामा, ही साइट आहे की लग्नाच्या आमंत्रणांची यादी? गिऱ्हाइकाला एक चेहरा लागतो. एक उस्ताद, एक गोष्ट."

"तुला कळतं ते खरं," सी खमीस म्हणाले होते. आयुष्यभर जिथे जिथे तोंड उघडायला हवे होते, तिथे तिथे ते हेच म्हणत आले होते.

मग अहलामच्या ओळखीचा निझार आला आणि त्याने साइट सुधारली. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, मोठी अक्षरे, सी खमीस यांचा दाढीचा फोटो, आणि त्याखाली कुणाचे तरी गुळगुळीत तरुण हात, दोन सुयांवर लालभडक लोकर विणणारे. नावे गेली ती गेलीच.

बाजारात महिनाभर हसू चालले होते. शाशिया पांढऱ्या लोकरीची विणतात, पाच सुयांवर, खांद्यापर्यंत येईल एवढी ढगळ. ती आटते, घट्ट होते, आणि मग लाल रंगते. हे तिथल्या मांजरांनाही ठाऊक. शेजारचे सी शाझली रोज सकाळी काबुली चण्याच्या लबलाबीचा वाडगा हातात घेऊन दारात उभे राहत.

"काय रे खमीस, तुझ्याकडच्या मेंढ्या लालच जन्मतात म्हणे?"

सी खमीसही हसत. पुढे त्यांना सर्वांत जास्त चीड आली ती स्वतःच्या या हसण्याची.

मग एके दिवशी स्फाक्सहून एक शिक्षिका आली. साइट वाचून मुद्दाम वाट वाकडी करून आली होती. तिने फोन बाहेर काढला.

"उस्ताद, मला तुम्हाला विणताना पाहायचंय. वर्गातल्या मुलांना दाखवेन."

सी खमीस दाराकडे पाहू लागले. अहलामने मात्र क्षणाचाही वेळ घालवला नाही. कोपऱ्यातली पिशवी उघडली आणि त्या पाच सुया मामाच्या हातात कोंबल्या.

"नुसत्या धरा हो मामा," ती कुजबुजली. "फोटोपुरत्या."

सी खमीस यांनी सुया धरल्या. टोके झिजून मऊ झाली होती. एक सुई मधोमध वाकली होती, रोज त्याच बोटाला टेकून टेकून. एकेचाळीस वर्षे. आणि ते बोट सोडून ती सुई आता एका म्हाताऱ्याच्या हातात नाटकाला आली होती! त्यांचे कान तापले.

"बाई," ते म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की समोरचे सी शाझली उठून उभे राहिले, "मला विणता येत नाही. कधीच येत नव्हतं. साइट खोटं बोलते."

शिक्षिकेने फोन खाली केला. अहलामचा चेहरा पांढराफटक पडला. शिक्षिका गेल्याबरोबर ती उसळली.

"माझी अब्रू घालवलीत! खोटं नाही ते, मामा, मांडणी आहे. सगळे असंच मांडतात."

"मांडणी? बाईचं नाव पुसायचं आणि तिच्या जागी माझी दाढी लावायची, याला तुझी आजी चोरी म्हणायची. तुझी आजी लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण तिला शब्द माहीत होते!"

"मग तेव्हा का बोलला नाहीत? तुम्हाला विचारूनच केलं ना मी?"

सी खमीस स्टुलावर बसले. मग म्हणाले, "हो. पुसलं मीच. म्हणून तर आता ओरडतोय. त्या निझारला फोन लाव."

निझारने शांतपणे समजावले की माणसे आठ सेकंदांत पान सोडून जातात, नावांची यादी कोण वाचणार?

"आठ सेकंद? मग तिचं नाव पहिल्या ओळीत घाल. तेवढ्यात वाचून होईल."

"आणि तो फोटो, उस्ताद? छान उठून दिसतो तो."

"काढ. लाल लोकर कोणी विणत नाही."

"पण पांढरी लोकर पांढऱ्या पानावर दिसणारच नाही हो."

"मग पान लाल कर!"

समोरून सी शाझली यांनी चमचा वाडग्यावर वाजवला. "शाब्बास! सत्तर वर्षांनी का होईना, कंठ फुटला."

अहलाम दोन दिवस बोलली नाही. कॉफी आणायची, आदळायची, जायची. तिसऱ्या दिवशी तिने एक छापलेला कागद गल्ल्यावर ठेवला.

"जुन्या पानावरची सगळी नावं घातली. अब्दस्सत्तार गेले, म्हणून त्यांच्या मुलाचं घातलंय. बघा, आणखी काही रडायचं असेल तर आत्ताच रडा."

लाल पानावर पहिली ओळ होती: "या टोप्या एकेचाळीस वर्षे लल्ला मन्नूबिया बिन्त सालिम यांनी विणल्या. खमीस यांना विणता येत नाही." अगदी तळाला राहिलेल्या चुकांचीही ओळ परत आली होती. ती अहलामने न सांगता घातली होती. सी खमीस यांनी चष्मा पुसला आणि कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहिले. या वेळी फाडले नाही.

"लल्ला मन्नूबिया, कोणत्याच हाताने नाही. तुमचे नाव मी पुसू दिले आणि चार महिने गप्प बसलो. मागे छापले आहे ते आता सगळ्यांना दिसते आहे. लोकर परत पाठवत नाही, मागितलीत तर घेऊन येईन. पाच सुया जपून ठेवल्या आहेत. एक वाकडी आहे. ती सरळ केलेली नाही. खमीस."

ते पोस्टाकडे निघाले तसे सी शाझली हाक मारल्यावाचून राहिले नाहीत. "अरे, अर्ध्या तासावर बाई राहते आणि तू तिकिटं चिकटवतोस?"

"समोर गेलो तर मी पुन्हा गुळमुळीत बोलेन," सी खमीस म्हणाले. "आणि तिनं पत्र लिहिलं होतं."

पिवळ्या पेटीच्या फटीत त्यांनी पाकीट सोडले. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून बोटे आत घालून चाचपून पाहिले. पाकीट गेले होते.